संपादन सारांश

सुरेबंदर. ज्ञानकोशात सहा ओळी होत्या,
त्यातली भरतीची वेळ चुकीची.
मी तरीवर तिकिटं फाडते, एकोणीस वर्षं.
दुपारी लाँच पलीकडे असते तेव्हा
मोबाइलवर ते पान दुरुस्त करत बसले.

लिहिलं : हा लेख लिहिणारी इथलीच आहे.
लिहिलं : वर म्हटल्याप्रमाणे खाडीत गाळ वाढलाय.
लिहिलं : अधिक माहिती असल्यास या पानात भर घाला,
नाहीतर होडेकरचाचांना विचारा,
ते धक्क्यावरच असतात.

रात्रीत कुणा 'खाजण७१'ने कात्री चालवली.
कारण दिलं :
लेखाने स्वतःबद्दल बोलू नये.
उद्या हे कुणी भिंतीवर लिहिलं
तर 'या पानात' म्हणजे कुठे?

राग आला. सकाळी धक्क्यावरची पाटी वाचली.
सुरेबंदर. बास.
रंगवणाऱ्याचं नाव नाही,
आपण पाटी आहोत असंही ती म्हणत नाही.

गाळ तेवढा राहिला लेखात.
कुणी न म्हणताच वाढलेला.

आणि फोटो, ओहोटीचा :
शेवाळलेली पायरी, तिसऱ्यांची टोपली,
खालच्या कोपऱ्यात
खांद्याला तिकिटांची पिशवी अडकवलेली
एक लांबडी सावली.
कुणाची, ते तिथे लिहिलेलं नाही.