चौथा दशांश

पंचफुला अवथळे ढेपेचा तुकडा नाकाशी धरते
आणि म्हणते, हे मांगच्या अवकाळीत भिजेल हाय.
पोतं कोठ्याच्या कोपऱ्यात होतं, कवेलू फुटलेलं तिथं.
मी लिहून घेते: सरकी ढेप, साठवण दोन महिने, वास कुबट.
तिचं नाक यंत्राच्या आधी पोचलेलं असतं
दरवेळी.

पण दुधाला वास नाही.
कासंडीतलं दूध फेसाळ, कोमट, गवळाऊ गाईचं.
त्या गाईच्या कपाळावर पंचफुला सकाळी जसा हात ठेवते
तसा माझ्या कपाळावर कोणी ठेवलेला नाही बऱ्याच वर्षांत.
दुधाला कसलाच वास नाही.
म्हणून तर बर्फाची पेटी घेऊन
कारंज्याहून दोन जीपा बदलत मी येते.

"तुमची मशीन पायते काय?"

पाहत नाही, पंचफुलाबाई. तोलते.
एक थेंब घेते, त्याचं धुकं करते,
धुक्यातल्या कणाला विजेचा चिमूटभर भार देते
आणि सोडते एका चातीभोवती.
चाती म्हटल्यावर ती हसली. तिच्या सासूची
अजून माळ्यावर आहे, टोक मोडलेली.
ही बोटाएवढी, हवा काढून घेतलेल्या पोकळीत.
हलका कण तिच्याशी भरभर झुलतो, जड सावकाश,
त्या झुलण्यावरून आम्ही वजन सांगतो
चौथ्या दशांशापर्यंत.

"सोनारापक्षा बारीक?"

ढोबळ काट्यावर, बाई, दोन रेणू जुळे भाऊ दिसतात.
चौथ्या दशांशाला त्यातला एक निरपराध निघतो.

बुरशीचं विष तीनशे तेरा, पुढे शून्य सात शून्य सात.
गाय ते गव्हाणीतून खाते.
तिचं काळीज त्याला धरतं, प्राणवायूचा एक अणू चिकटवतं,
निववायला पाहतं. निवेल तेवढं निवतं.
उरलेलं दुधात उतरतं
तीनशे एकोणतीस होऊन, पुढे शून्य सहा पाच सहा.
पडद्यावर ती सुई उभी राहते तेव्हा
मला आधी विष दिसत नाही, गाय दिसते.
दोन आकड्यांच्या वजाबाकीत तिची सारी खटपट.
सोळाला किंचित कमी.

अहवाल वाचून दाखवला.
ती रडली नाही, भांडली नाही.
पोतं ओढत नेलं, खड्डा केला, वरून चुना टाकला.
बकऱ्यांना नको, कोंबड्यांना नको,
हे मी सांगायच्या आत.
मग हात धुऊन आतून सूप आणलं:
भुईमुगाचे दाणे, सुरकुतलेले, फुटके,
दोन-चारांवर हिरवट पूड.
"चांगले इकले. हे घरच्या चटणीले."

आतल्या खोलीत सून. लुचण्याचा आवाज येत होता,
मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा.
पंचफुलानं आवाज बारीक केला.
"गाईच्या दुधात उतरते म्हनता. मंग बाईच्या?"

मी येतं म्हणाले असेन. किंवा नुसती मान हलली असेल.
माझ्या कागदावर रकाने चार:
गाय, म्हैस, शेळी, मेंढी.
चातीला काय, थेंब कोणाचाही असो.

निघताना सुनेनं दार अर्धं लोटून
एक बाटली पुढे केली. खोकल्याच्या औषधाची,
उकळून घेतलेली, तळाशी दोन बोटं.
बर्फात ठेवायच्या आधी मी ती हातातच धरली,
ऊब जाईस्तोवर.
मेंढीच्या खाली एक रेघ मारली
आणि पाचवा शब्द लिहायला पेन धजेना,
म्हणून नाव विचारलं.

"दुर्पता," ती म्हणाली.
"अन् लौकर सांगजा."