पायपाठ

मढवी सरांनी वहीत काढून दिलं होतं सगळं:
क्लच, ब्रेक, गिअर, बाण, आकडे.
ते पान मी फ्रिजवर चिकटवलं,
दूध काढताना वाचलं, दूध ठेवताना वाचलं,
आणि अकराव्या दिवशीही
दिवा सर्कलला गाडी बंद पडली.
मागे तीन रिक्षा, पुढे पाण्याचा टँकर,
आणि सर, "ताई, कालच सांगितलं ना?"

सांगितलं होतं. ऐकलंही होतं.
पण ऐकलेलं माझ्याकडे मुक्कामाला थांबत नाही,
उभ्या उभ्या चहा घेतं आणि निघतं.
सुहासने मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले.
त्यातला माणूस फार छान समजावत होता.
माझ्या लक्षात त्याचा शर्ट राहिला.

मग एका रविवारी दुपारी,
ऐरोलीची सेक्टरं जेवून आडवी झालेली असताना,
मी चप्पल घातली
आणि तोच रस्ता चालत गेले.
इथे दुसरा गिअर. इथे पाय हलका.
इथे नाल्यावरचा चढ,
तो पोटऱ्यांना आधी कळला, मला मागाहून.
हातात रिकामी पिशवी होती,
वळण आलं तसे तिचे बंद आपोआप वळले.
इस्त्रीवाला म्हणाला, "काय हरवलंय का, मॅडम?"
हो, म्हटलं. बरेच दिवस झाले.

खारकर आळीत आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती.
पाढे मी त्या जिन्यावर पाठ केले,
एका पायरीला एक.
नववी पायरी फुटकी होती.
अजूनही कुणी सतरा नव्वे म्हटलं
की त्रेपन्नाशे तोंडाआधी टाचेला आठवतं,
खडबडीत.

वर्गात जिना नव्हता.
केळुस्कर बाई म्हणायच्या, एका जागी बस.
आई म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय का.
मग मी बसले.
बसायला मात्र फार लवकर शिकले मी.
बसून दहावी, बसून बी.कॉम.,
बसून पतपेढीत एकोणीस वर्षं.
प्रगतिपुस्तकात शेरा आहे: हुशार आहे, पण लक्ष नसते.
लक्ष होतं, बाई.
पायात होतं.
तुम्ही ते बाकाखाली ठेवायला लावलंत.

मी रागावले नाही.
खोटं. रागावले.
सर्कलजवळ एक शहाळं घेतलं
आणि मलई संपेपर्यंत रागावले.

सोमवारी गाडी बंद पडली नाही.
"दुसरीकडे क्लास लावला काय?" सरांनी विचारलं,
जरा दुखावूनच.

त्या रात्री मैत्रेयी पलंगावर,
पाय भिंतीला, डोकं खाली लोंबकळतंय,
कानात यंत्र खुपसून जीवशास्त्र ऐकतेय.
"नीट ब..." एवढं निघालंच माझ्या तोंडून.
तिनं एक कान मोकळा केला.
"काय नीट?"
"काही नाही. पंखा वाढवू का?"

राहिला रिव्हर्स.
पानावर त्याचे बाण उलटे आहेत, मला तर सुलटेही कळले नव्हते.
म्हणून पहाटे साडेपाचला
सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पाठमोरी चालते.
मान डावीकडे. मान उजवीकडे.
चार नंबरचा खांब खांद्यामागून हळूहळू मोठा होतो.
पहिल्या दिवशी वॉचमन दशरथ खुर्चीतून उठला.
दुसऱ्या दिवशी बसून राहिला, पण रेडिओ बंद केला.
आज त्यानं माझ्या वाटेतली कोरफडीची कुंडी
गुपचूप उचलली.

राहू द्या, म्हटलं मी न वळता,
तिथेच ठेवा.
ती मला एकदा लागू दे.