प्रत

डिचोलीच्या हवेत लोखंडसुद्धा घामेजतं.
गोदामातल्या चोपड्या वाळवीनं नेल्या,
संगणक विजेच्या एका फटक्यानं.
उरलं ते फ्लावियाच्या पेनड्राइव्हवर,
तेही मार्चपर्यंतचंच.

ती म्हणाली, तीन ठिकाणी ठेवा, रुद्राजीबाब.
एक इथं, एक म्हापशाच्या लॉकरात,
एक कुलूप लावून दूर,
आपला पूर, आपली आग पोचणार नाही तिथं.
मी विचारलं, दूर म्हणजे कुणाच्या घरात?
ती हसली नाही.
करार पुढं सरकवला,
बारीक अक्षरांवर बोट ठेवून.

बियाणं आई दोन घरांत ठेवायची,
अर्धं मावशीकडे, मयेला.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
फ्लाविया दूरची प्रत परत मागवते.
न उघडलेली प्रत म्हणजे नुसती समजूत, म्हणते.

काल उघडली एक जुनी फाईल:
काजू फोडणाऱ्या बायकांची मजुरी,
दोन हजार अकरा.
शेवंती गावकर, सतरा दिवस.
बाकी तीनशे चाळीस.
देणं आमचं.

शेवंती आता कुठं असते
हे तिन्ही प्रतींत नाही.