किनाऱ्याकिनाऱ्यानं

बोटीचे पैसे दिले तेव्हा
फॉयच्या धक्क्यावर मॉर्वेना ट्रेथ्यूईनं
किल्ली दिली, आणि एक बिस्किटांचा डबा.
आत लॉगबुक, अडकून बसलेला कंपास
आणि भूमध्य समुद्राचे नकाशे, घड्यांवर फाटलेले.
"लागतील तुला," म्हणाली.
नाही लागणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी सोलापूरची.
आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं,
तेही पहाटे चारला, बादल्या वाजवत.
शीड, सुकाणू, नाळ, डोलकाठी
हे शब्द मी शिकले कॉर्नवॉलला आल्यावर,
पन्नाशी उलटल्यावर, शब्दकोशातून.
दोर ओढताना तोंडात आपलाच शब्द लागतो,
नाहीतर हात घसरतो.

माझा पल्ला तो केवढा!
फॉय ते मेव्हागिसी, फार तर फॅलमथ.
डॉडमनच्या टोकाला वळसा घालताना पोटात गोळा,
परतताना ग्रिबिनचा लाल-पांढरा मनोरा दिसला
की थर्मासचं झाकण उघडायचं.

आणि डेस्मंडच्या वहीत पाहावं तर
"सेत. पहाटे निघालो. वारा वायव्येचा, दात विचकणारा."
"पोर-व्हांद्र. धक्क्यावर अँचोवी. जीभ सोलली."
"कादाकेस. आत जागा नाही. रात्र नांगरावर."
एक बंदर, एक ओळ.
भर समुद्रात घुसणारा माणूस नव्हता तो.
वीज गेल्यावर भिंतीला हात लावत
मोरीपर्यंत जावं, तसा
किनारा चाचपत चाललेला.

मधेच अक्षर बदलतं.
हिरवी शाई, डावीकडे कललेलं, टपोरं:
"डी.ला ताप. बोट मीच आत आणली.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत."
दोन हिवाळे मी हे मॉर्वेनाचं समजून वाचत होते,
हसत होते,
तिच्या दारावरून जाताना हात हलवत होते.

मे महिन्यात ती स्वतःच आली. "ने एकदा."
भांगाचा दिवस, पाण्याला ओढ कमी,
तरी तिनं कठडा असा धरला
की बोटांची पेरं पांढरी.
बंदराचं तोंड ओलांडलं आणि ती ओकली,
नीट, वाऱ्याच्या बाजूनं नाही,
कुणीतरी कधीतरी शिकवल्यासारखी.
मग तोंड पुसत म्हणाली,
"मी पोलरुअनच्या फेरीपलीकडे कधी गेलेच नाही.
तो जायचा. दर उन्हाळ्यात. एकटा."

डबा तिच्याच बैठकीखाली होता.
मी शिडाकडे बघत राहिले. शीड फडफडत होतं,
म्हणजे लक्ष माझं नव्हतं.

"वाचलीस ती वही?"
"अक्षर लागत नाही मला त्याचं," मी म्हटलं.
"हो, त्याचं घाणेरडंच होतं."
एक लाट खालून गेली. मग दुसरी.
"हिरव्या शाईतलं मात्र
चांगलं सुवाच्य आहे."

यावर काय बोलणार?
सोलापुरात असते तर चहा टाकला असता.
इथं मी दोर तिच्या हातात दिला.
"ह्याला काय म्हणतेस तू? तुझ्या भाषेत?"
"दोर."
"डोर," ती म्हणाली, आणि ओढला,
दार लावून घ्यावं तसा.
शीड गप्प झालं.

मेव्हागिसीच्या धक्क्यावर, एका मासेवाल्या पोराच्या मदतीनं
आम्ही बोट बांधली, वाकडी.
तिनं वही मागितली. पेन्सिल मागितली.
कादाकेस, सेत, ताप, सगळं पालथं घालत
कोरं पान काढलं आणि लिहिलं:
"मेव्हागिसी. ओकले. ऊन आहे."
मग मला विचारलं, "किती झाले मैल?"
"सात."
तिनं सात लिहिले
आणि खाली दोन रेघा ओढल्या.