मागचं दार

टेबल मिळायला सहा आठवडे लागले.
शेवटी शर्वाणीने ऑफिसातल्या कुणाची तरी ओळख काढली,
म्हणाली, आई, अख्ख्या प्रॉव्हिडन्समध्ये याहून चांगलं इटालियन नाही,
आणि पार्टनर काय रोज होते का मी?

अ‍ॅटवेल्स अ‍ॅव्हेन्यूवर दोन दिवसांचं बर्फ, कडेला काळं पडलेलं.
कमानीला टांगलेल्या पाइनच्या फळाला
दिगंबर तीस वर्षं अननस म्हणतो.
आजही म्हणाला. मी आजही दुरुस्त केलं नाही.

आमचे कोट कुणीतरी काढून नेले. खुर्च्या मागे ओढून दिल्या.
टेबलक्लॉथवर इस्त्रीची घडी अजून उभी,
कॉनरचे आईवडील, त्यांनी आणलेला एवढाथोरला पुष्पगुच्छ,
आणि मातेओ नावाचा पोरगेला वेटर
आजचे खास पदार्थ म्हणून दाखवत होता
जसं मामाने मंगलाष्टकातलं आपलं कडवं म्हणावं, डोळे मिटून.

मी ऐकत नव्हते.
माझ्या पाठीमागे आत जायचं दार होतं.
दोन्हीकडे उघडणारं, खाली पितळी पत्रा,
लाथांनी चेपलेला.
झुलताना ते दोनदा चूं करतं, तिसऱ्यांदा गप्प बसतं.
अजून तसंच करतं.

चौऱ्याण्णवचा हिवाळा.
दिगंबरची स्कॉलरशिप भाड्यातच संपायची,
माझ्या व्हिसावर कामाला परवानगी नव्हती,
आणि मी सांगून ठेवलं होतं : थेयर स्ट्रीटवर एका बाईचं बाळ सांभाळते.
बाळाचं नावही ठेवलं होतं. एमिली.
तिला दात आले, ती रांगायला लागली, एकदा गोवर आला,
सगळं मी परतीच्या बसमध्ये ठरवायचे.

खरी मी त्या दारापलीकडे,
कोपरापर्यंत वाफेत.
शिंपल्यांची टरफलं, लिपस्टिकचे ग्लास,
नुसतं टोचून सोडलेलं वासराचं मांस,
ते आधी दोन बोटांनी उचलायचे, मग चार,
मग कधी अख्खा हात घातला ते कळलंही नाही.
आमच्या घरी दुसऱ्याचं उष्टं लागलं की हात धुवायचे.
इथे धुणं आणि विटाळणं एकाच पाण्यात.
खरकटं याला इंग्रजीत शब्द नाही, हे मला तिथे कळलं,
आणि शब्द नसला तरी ते तितकंच चिकटतं, हेही.

एफ्राइन होता, ग्वातेमालाचा. सॉस तोच करायचा.
बाहेरचे म्हणायचे, काय अस्सल इटालियन हात आहे!
रात्री अकराला तो ब्रेडचं टोक सॉसमध्ये बुडवून पुढे करायचा,
म्हणायचा, खा. नो उश्ता.
शब्द मीच शिकवला होता.

'आई, लक्ष कुठंय?'
शर्वाणीने ग्लास उचलला होता.
बाबांच्या कष्टांसाठी, ती म्हणाली,
आणि आईसाठी, जी आमच्याकरता घरी राहिली.
कॉनरच्या आईने डोळे टिपले.
मी ग्लास ग्लासाला लावला.

न्योकी आल्या. सॉस चांगला होता.
तो नव्हता.

आणि मग बोलता बोलता माझ्या हातांनी
ताटल्या एकात एक बसवल्या,
खरकटं वरच्या ताटलीत, काटे सगळे एका दिशेला.
दिगंबर कुजबुजला, अगं राहू दे, त्यांचं काम आहे ते.
मातेओने ती उतरंड एका हातात तोलली,
तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.
'कुठे?' एवढंच विचारलं.
मी मानेनेच मागे दाखवलं.

बाहेर आलो तेव्हा वारा सुटला होता.
कोटाची बाही शोधता शोधता दिगंबर म्हणाला,
एमिली आता किती वर्षांची असेल गं?
एकतीस, मी म्हणाले, फारसा विचार न करता.
त्याने मान हलवली. घसरडं होतं.
अननसाखाली त्याने माझं कोपर धरलं,
आणि गाडी कुठे लावली होती
ते दोघांनाही आठवेना.