उचकी

रुझार रबेकांव घेऊन आला तो मासळीच्या टेम्पोतून,
गोणपाटात गुंडाळून, बर्फाच्या रिकाम्या पेट्यांत आडवा घातलेला.
"पोटाला चीर गेलीय, मेस्ता," म्हणाला,
जणू अडलेली म्हैसच दारात आणलीय.

माणसाहून उंच वाद्य. तारा चार,
त्यातली एक खरं तर स्कूटरच्या क्लचची.
घोडी मात्र आमच्या तातूंनी घडवलेली, फणसाची.
बोट फिरवलं आणि ओळखली:
पटाशी डावीकडे ओढायची ती खोड
त्यांच्याशिवाय कुणाची नव्हती.

कुडतरीत बाकीचे रबेकांव वाजवतात गजानं,
सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखा.
रुझार तार उपटायचा, ती पट्टीवर आपटायची,
मागोमाग तळवा.
टक्-धप्प, टक्-धप्प,
दोघी जावा एकाच उखळात पोहे कांडतात तसं.
पाद्रीनं त्याला दोनदा कॉयरमधून काढलं,
तिसऱ्यांदा घेतलंच नाही.

शिकवलं एका तबकडीनं.
थोरला भाऊ बोटीवर. मुरगावला उतरला तेव्हा
शर्टांच्या घडीत ठेवून आणलेली.
एका बाजूचं गाणं वाटेतच खरवडून गेलं,
दुसऱ्या बाजूचं उरलं.

अडीच मिनिटं. ढोल नाही, ताशा नाही.
एक गिटार, एक रबेकांव, आणि एक पोरगा
ज्याचा आवाज एकदा खोलीतून येई
आणि लगेच एकदा विहिरीतून.
रुझारनं अर्थ सांगितला: गाडीतलं पेट्रोल संपलंय,
पोरीचा बाप दारात आहे, कुत्रा सोडलाय.
पुढे?
पुढे काही नाही, संपलं.
आरतीमागून आरती म्हणणाऱ्या घरातला मी.
म्हटलं, अजून नैवेद्य व्हायचाय,
हे लोक उठले कसे?

आणि मधेच तो पोरगा उचकी द्यायचा.
भर शब्दात, शब्दाचे दोन तुकडे करून.
तातूंनी रंधा थांबवला होता,
"अरे, पाणी द्या त्याला कुणीतरी."

एका ओरखड्यावर सुई अडायची, तीनदा.
रुझारनं ती अडखणही बसवून घेतली.
लग्नात तिथं आलं की सगळा मांडव
एक पाय उचलून उभा, एक, दोन, तीन,
मग पुन्हा धूळ.
आता त्यांची नात ज्योव्हिता फोनवर तेच गाणं ऐकते,
धुतलेलं, ओरखड्याशिवायचं,
आणि पाय तिचा तरीही तिथंच अडतो.
दोन बोटांना चिकटपट्ट्या आहेत पोरीच्या.
मी विचारलं नाही. रबेकांवच्या पोटावर
जिथं पॉलिश उडालंय, तिथं एक नवा, लहान तळवा दिसत होता.

चीर सरसानं भरली, शिकंजे आवळले.
सरस वाळायला रात्र लागते. रुझार गेला नाही.
बाकावर बसून राहिला, ब्याऐंशी वर्षांचा,
आजारी माणसाजवळ बसतात तसा.
मी म्हटलं, यानंतर केवढी गाणी आली,
शहाणी, लांबलचक, दहा-दहा वाद्यांची. मग हेच का?
त्यानं बाकावर तळवा मारला.
टक्-धप्प.
कोपऱ्यातली कोंबडी उठून दुसरीकडे बसली.

मग म्हणाला, "तुमच्यात म्हणतात ना,
उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय?
नाव बरोबर निघालं की थांबते?
साठ वर्षं देतोय हा. घेऊन बघ नावं."

ज्योव्हितानं फोन माझ्या पटाशीच्या डब्यात उभा केला.
पत्र्याच्या डब्यात तो आवाज
पुन्हा विहिरीत गेला.

मी नावं घेत गेलो. रुझार.
बोटीवरचा त्याचा भाऊ, जो एडनहून परतला नाही.
तातू.
त्या लग्नांतल्या नवऱ्या, आठवल्या तेवढ्या.
क्लच ज्याच्या स्कूटरचा तो साल्वादोर.
पाद्रीसुद्धा.

पोरीनं तिसऱ्यांदा गाणं लावलं.
थांबत नव्हती.