दोरीची गाडी

विभागाचं पत्र आलं :
फेऱ्यांचा फेरविचार करा,
भारमान पस्तीसच्या खाली असेल तिथं कारण द्या.
कारण द्यायला मी नकाशा उघडला.
खैरटोला फाटा, एक टिंब.
टिंबापासून गावापर्यंत काहीच नाही,
म्हणजे पावणेतीन किलोमीटर.

सकाळची सव्वासातची, चिंचघाट मार्गे :
एकतीस टक्के.
जो फाट्यापर्यंत चालत आलाच नाही
त्याचं तिकीट फाटत नाही,
आणि जे फाटत नाही
ते कुठल्या रकान्यात बसवायचं?

खोडरबरानं रेघ पुसली,
गावातून वळवून काढली.
शेंदरे ड्रायव्हर खांद्यावरून बघत होता.
"पेन्सिल वळते साहेब. गाडी वळन का?"

म्हणून गुरुवारी आम्ही दोघं,
सोबत सुंभाची दोरी :
छत्तीस फूट लांब, साडेआठ रुंद,
चार गाठी, चार गाठींना शाळेतली चार पोरं.
आत उजव्या अंगाला शेंदरे,
हवेतलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून,
चेहरा अगदी ड्युटीवरचा.

समाजमंदिरापर्यंत गाडी बरी आली.
हातपंपाच्या ओट्यावर मागचं चाक चढलं.
रिव्हर्स.
मागच्या गाठीवरून टेकामांची रोशना ओरडली,
"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!"
तोवर शेपूट घुसलं होतं
यमुनाबाई मडावीच्या रचलेल्या गोवऱ्यांत.

ती बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ.
दोरीकडे पाहिलं, दोरीतल्या माणसाकडे पाहिलं.
"किती जागा पायजे?"
शेंदरेनं पावलं टाकली.
"चार फूट. पाच असन त बरं."

ती गोवऱ्यांबद्दल काहीच बोलली नाही.
विचारलं ते मला :
"अन् वापस किती वाजता येते?"

मी नकाशाची घडी उलगडली, परत घातली.
मंगळवारी ती तालुक्याला जाते,
शुगरच्या गोळ्या, सरकारी दवाखाना, लाईन.
"जायले त कोनीही नेते, भाऊ.
दूधवाला नेते, ट्रॅक्टर नेते.
वापस कोन आणते?"

माझ्या नव्या रेघेला बाण एकाच टोकाला होता.

त्या रात्री प्रस्तावात भर घातली :
परतीची फेरी, दुपारी साडेतीन.
जाऊन-येऊन साडेपाच किलोमीटर वाढ,
डिझेल अमुक, चालकाची ड्युटी तमुक.
'कारण' या रकान्यात
दोन ओळींची जागा होती.
मी एकच शब्द लिहिला : वापस.
मग खोडून 'प्रवाशांची गैरसोय' लिहिलं,
कारण साहेब पुण्याकडचे आहेत.

मंजुरी अजून आलेली नाही.
शेंदरे रोज फाट्यावर गाडी जरा जास्त वेळ थांबवतो,
काल परत येऊन चावी टेबलावर ठेवत म्हणाला,
पोरं सांगत होती,
गोवऱ्या सरकल्या.
पाच नाही,
सात फूट.